एकाच घरात नवऱ्याचं हिमोग्लोबिन १४ आणि बायकोचं ७.४ : बायकांच्या कुपोषणावर बोलूया

वैशाखी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज लिहूनच टाकते. मोठं होईल, सांभाळून घ्या.

मी लॅबमध्ये काम करते आणि आमची टीम आजूबाजूच्या गावांत रक्त तपासणीचे कॅम्प घेते. बोटाला सुई टोचायची, थेंब पट्टीवर घ्यायचा, मशीनवर आकडा आला की वहीत लिहायचा, पुढची बाई. आता सवयीने आकडा यायच्या आधीच अंदाज येतो, नखं पांढरी असतात, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तर आत लालीच नसते. मागच्या कॅम्पला एकीचं ७.४ आलं. पोटात सहावा महिना, आणि सकाळी खुरपणी उरकून आलेली. चक्कर येत नाही का विचारलं तर म्हणाली येते की, पण ती उन्हानं येते. काल रात्री काय जेवलात तर म्हणे भाकरी. कशाशी? तर "कालवण केलं होतं पण पोरांना आन् मालकांना पुरलं तेवढंच, मी चटणी घेतली." तिचा नवरा तिथंच बाहेर उभा होता, हौसेने त्यानेही तपासून घेतलं, त्याचं १४ भरलं. घर एक, चूल एक, पातेलं एक.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा पाचवा फेरा २०१९-२१ मध्ये झाला, त्यात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे असं दिसलं. त्याच्या आधीच्या फेऱ्यात ५३ होतं, म्हणजे वाढलंय. आपल्या महाराष्ट्रात ४८ वरून ५४ वर गेलं. आणि त्याच वयाच्या पुरुषांमध्ये देशभरात २५ टक्के. तेही पुरुषांची मर्यादा १३ आणि गरोदर नसलेल्या बाईची १२ धरून, म्हणजे बायकांना सोपा पेपर देऊनसुद्धा निम्म्याहून जास्त नापास.

मला मंडळींचं मत हवंय. आपण या सगळ्याला गरिबी म्हणून मोकळे होतो. पण गरिबी तर त्या नवऱ्यालाही होती ना? मग तो १४ वर कसा? तुमच्या घरात, गावात काय बघितलंय ते लिहा प्लीज.

साधा_हिशोब

ताई, कळकळ पोचली, पण मला वाटतं तुम्ही पैशाचा मुद्दा फार लवकर बाजूला सारताय. रेशनवर काय मिळतं, गहू आणि तांदूळ. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी ५ किलो, अंत्योदयवाल्यांना कुटुंबाला ३५ किलो. पोट भरतं. पण डाळ, तेल, भाजी, अंडी हे सगळं बाजारातून आणायचं आणि मजुरी करणाऱ्या घरात महिन्याच्या शेवटी शेवटी डाळीत पाणीच जास्त असतं. जिथं वस्तूच कमी तिथं ज्याला अंगमेहनत जास्त त्याला आधी वाढलं जाणार, ह्यात कुणी दुष्ट नसतं. घरात पैसा आला की सगळ्यांच्या ताटात येईल. श्रीमंत घरातल्या बायका गरीब घरातल्यांपेक्षा कमी हडकुळ्या असतात हेही त्याच सर्वेक्षणात दिसतं. त्यामुळे भांडायचं तर मजुरीसाठी भांडा, घराघरांत भांडण लावून काय होणार?

वैशाखी

@साधा_हिशोब दादा, पैशाचं पटतंच. पण अंगमेहनत ज्याची जास्त त्याला आधी, हे जरा बघूया. सरकारने २०१९ मध्ये लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली होती. त्यात घरकामात भाग घेणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ९७. म्हणजे पाच तास. शेतातली मजुरी वेगळीच. पाणी भरणं, दळण, सरपण, धुणं, लेकरू कडेवर, हे सगळं अंगमेहनतीत धरलं तर आधी कुणाला वाढायला पाहिजे?

आणि दुष्ट कुणी नसतं हे खरंय. ती सासूही तशीच शेवटी जेवलेली असते.

गावडॉक्टर

तालुक्याच्या गावात माझी प्रॅक्टिस आहे, बरीच वर्षं. वैशाखीताईंनी नवरा-बायकोचे आकडे शेजारी ठेवलेत त्यात एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर चर्चा एका बाजूला जाईल. बाईचं रक्त कमी असण्यात शरीराचाही वाटा आहे. पाळीत रक्त जातं, बाळंतपणात जातं, दोन मुलांत अंतर नसेल तर भरून यायला वेळच मिळत नाही. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. आता बघा, जिला जास्त लागतं तिच्याच ताटात डाळ, पालेभाजी, अंडं-मासळी सगळ्यात कमी येते. भाकरी-चपातीतून मिळणारं लोह अंगी लागतं फार थोडं, त्यात जेवल्या जेवल्या कोरा चहा. चहाने लोह आतड्यातून शोषलं जाण्यात अडथळा येतो. मी पेशंटला एवढंच सांगतो की चहा जेवणापासून तास-दीड तास लांब ठेवा आणि भाजीवर लिंबू पिळा, पेरू-आवळ्याच्या दिवसांत ते खा. फुकटातला उपाय आहे.

गोळ्यांबद्दल. गरोदरपणात रोज एक लाल गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस, असा कार्यक्रम आहे. शाळेतल्या मुलींना आठवड्याला एक निळी गोळी. २०१८ पासून ॲनिमिया मुक्त भारत नावाने हे सगळं एकत्र चालतं. गोळ्या बहुतेक ठिकाणी पोचतात, पोटात जातात का हा प्रश्न. मळमळतं, शौचाला काळं होतं, मग कुणीतरी सांगतं गोळीने बाळ काळं होतं किंवा बाळ मोठं होऊन बाळंतपण अवघड जाईल. पत्र्याच्या डब्यात गोळ्यांच्या पट्ट्या साठवलेल्या मी स्वतः बघितल्यात. रिकाम्या पोटी गोळी घेतली की मळमळ जास्त, आणि या बायकांचं पोट रिकामंच असतं दुपारपर्यंत! गोळी नीट सोसायची तर आधी दोन घास पोटात हवेत.

अजून दोन गोष्टी पटकन. जंताचं औषध घेतल्याशिवाय नुसत्या गोळ्यांचा उपयोग कमी होतो, उघड्यावर अनवाणी जाणाऱ्यांना हुकवर्मचा त्रास असतो आणि तो जंत रक्तच पितो. आणि विदर्भ, नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असू शकतो, तिथं तपासणी न करता सरसकट लोह वाढवत बसू नये.

मला या सगळ्यात सर्वात जास्त टोचणारा अभ्यास २०१५ मधला आहे, डायन कॉफी या संशोधिकेचा. त्यांनी गरोदर होण्याआधीचं वजन बघितलं. भारतात ४२ टक्के बायका गर्भ राहायच्या वेळीच कमी वजनाच्या होत्या, आणि सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत, जिथले देश आपल्यापेक्षा गरीब, तिथं साडेसोळा टक्के. पैशाने हे कोडं सुटत नाही साधा_हिशोब साहेब. नुकतीच लग्न होऊन आलेली, घरात सगळ्यात खालच्या पायरीवर असलेली पोरगी, आणि नेमकं त्याच वर्षात तिला दिवस जातात.

पुनवा

पहिल्यांदाच लिहितेय, इतके दिवस नुसती वाचत होते. डॉक्टरांचं शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही.

मी धाकटी सून. एकत्र घर, खाऊनपिऊन सुखी म्हणतात तसं, जमीन आहे, दूधदुभतं आहे. कुणी मला मारत नाही की बोलत नाही, हे आधीच सांगते म्हणजे गैरसमज नको. पण जेवायची पद्धत अशी की आधी सासरे, दीर, हे, मग पोरं, मग सासूबाई, मग मोठ्या जाऊबाई आणि शेवटी मी. भाकरी मीच थापते त्यामुळे मला उठताच येत नाही, शेवटची भाकरी तव्यावर आणि तोवर कालवणाचं पातेलं तळाला गेलेलं. भाजी संपली असं मी म्हणू शकत नाही, कारण म्हटलं तर पुन्हा कोण करणार, मीच. मग दूध-भाकरी म्हणावं तर दूध डेअरीला आणि उरलेलं पोरांना. कोरभर भाकरी ठेच्याशी खाऊन भांडी घासायला बसायचं. दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा मला रात्री दोन वाजता इतकी भूक लागायची की पोटात कळ यायची. स्वयंपाकघर सासूबाईंच्या खोलीतून पुढं आहे. डब्याचं झाकण वाजेल म्हणून उठायचे नाही.

यांना सांगितलं तर म्हणाले अगं मग खायचंस ना, कोण अडवतंय तुला. खरंच कोणी अडवत नव्हतं. पण सुनेनं आधी खाल्लं तर तिला हावरट म्हणतात, आणि एकदा नाव पडलं की ते माहेरापर्यंत जातं.

मुलगी २ किलो १०० ची झाली.

गावडॉक्टर

पुनवाताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. तुम्ही जे सांगताय त्याचा मागोवा कॉफी आणि सहकाऱ्यांनी घेतलाय, ग्रामीण भागातल्या एकत्र कुटुंबांत थोरल्या जावेच्या मुलांपेक्षा धाकट्या जावेची मुलं सरासरीने उंचीला कमी भरतात. एकाच घरात, एकाच छपराखाली. मुलीचं वजन आता कसं आहे? आणि तुमचं स्वतःचं एकदा तपासून घ्या, दुसऱ्या बाळंतपणानंतर कुणी तपासलंय का?

पुनवा

मुलगी आता छान आहे, पळते नुसती. माझं नाही तपासलं. आशाताईंना विचारते.

माळरान

बीडकडचा आहे. आमच्याकडचं वेगळं सांगतो कारण इथं सासू-सुनेच्या पलीकडचा मामला आहे.

ऊसतोडीला नवरा-बायको जोडीने जातात, त्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादम हंगामाच्या आधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो, ती दोघांच्या नावावर फिटते. एक जण एक दिवस आला नाही की खाडा धरतात, पैसे कापतात. दुखणं, पाळी, गरोदरपण कशाचीही सवलत नाही. माझी चुलती अनेक वर्षं तोडीला जायची, तिचा दिवस कसा असायचा सांगतो. पहाटे तीनला उठून कोपीच्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीच्या तोंडाशी तीन दगडांवर भाकरी थापायच्या, दिवसभराच्या एकदम. चारला फडात. नवरा तोडतो, ही पाचट साळते, मोळ्या बांधते, मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढून गाडीत टाकायची. रात्री ट्रक आला की झोपेतून उठून पुन्हा गाडी भरायची. खायला सकाळच्या वाळलेल्या भाकरी आणि चटणी. भाजीपाला आणायला बाजार लांब, आणि जायचं म्हणजे खाडा. भूक मारायला मिश्री. आमच्याकडच्या बायकांना विचारा, मिश्री लावली की पोटातली आग शांत होते म्हणतील.

रेशनकार्ड गावाकडं, माणसं सांगली-कोल्हापूर नाहीतर कर्नाटकात. आता कुठल्याही दुकानातून धान्य घेता येतं असा नियम आहे, पण तळापासून दुकान किती लांब आणि अंगठा उठेल का हे कुणी बघायचं. अंगणवाडी गावाकडं, आशा गावाकडं, गरोदर बाईची नोंद गावाकडं. सहा महिने ती कुणाच्याच वहीत नसते.

आणि गर्भाची पिशवी काढायचं तर सगळ्यांना माहितीच आहे. २०१९ ला बोभाटा झाला, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. तिशीतल्या बाया. पाळी म्हणजे खाडा, अंगावर जाणं म्हणजे खाडा, म्हणून कायमचं मिटवून टाका असं डॉक्टरही सांगायचे आणि बायाही तयार व्हायच्या. आधीच रक्त नाही त्यात ऑपरेशन, त्यासाठी पुन्हा मुकादमाकडून उचल, ती फेडायला पुन्हा ऊस. चुलतीची पण काढलीय. आता कंबर आणि हाडं धरतात, पंचेचाळीशीत म्हातारी दिसते.

साधा_हिशोब म्हणतात मजुरीसाठी भांडा, बरोबर आहे. पण मजुरी कोयत्याला मिळते, म्हणजे नवऱ्याच्या हातात. तिच्या हातात काय येतं हे बी भांडणात घ्या.

खिडकीजवळ

शहरातून एक मुद्दा. आमच्याकडे खायला कमी नाही तरी रक्त कमीच. त्याच सर्वेक्षणात २४ टक्के बायका जाड निघाल्यात आणि त्यातल्या पुष्कळ जणी रक्तक्षयाच्या. पाव, बिस्किट, साबुदाणा, चहा, आणि आठवड्याला दोन उपास. मी स्वतः ऑफिसच्या चेकअपला ९.८ निघाले होते, विश्वास बसला नव्हता. पण माळरान यांचं वाचल्यावर माझा प्रश्न वेगळ्या प्रकारचा आहे हे कळतं. मी उद्या ठरवलं तर दोन अंडी खाऊ शकते. एवढंच.

निवृत्त_ताई

मी आदिवासी भागात अंगणवाडी पर्यवेक्षिका होते, आता रिटायर झाले. सगळ्यांचं वाचलं. तुम्ही रोग नीट सांगितलात, मी फक्त काय चाललं आणि काय नाही चाललं ते सांगते, डोळ्यांनी बघितलेलं.

एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तेव्हापासून गरोदर आणि स्तनदा मातांना पूरक आहार आहे. नियमाने दिवसाला ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं. पण तो बहुतेक ठिकाणी घरपोच, म्हणजे टीएचआरचं (टेक होम रेशन) पाकीट. बाई पाकीट घेऊन घरी जाते. घरी गेलं की ते सगळ्यांचं होतं. चार पोरं, सासू, कधी पाहुणे, कधी चवीला आवडलं नाही म्हणून गुरांना. मी घरभेटीला गेले की विचारायचे तुझ्या वाटणीला किती आलं, तर हसायच्या. आम्ही कागदावर लिहायचो लाभार्थी एक. पोटं सात असायची.

मग २०१५ ला अनुसूचित क्षेत्रात अमृत आहार योजना आली, डॉ. एपीजे अब्दुल कलाम यांच्या नावाची. त्यात एक वेळचं गरम ताट अंगणवाडीत बसून जेवायचं. भाकरी किंवा चपाती, भात, डाळ किंवा कडधान्य, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं किंवा केळं. सुरुवातीला किती अडचणी सांगू. पैसे उशिरा यायचे, सेविकेने उधारीवर किराणा आणायचा, दुकानदार दारात. सरपण कुठलं. पाड्यावरून अंगणवाडी दीड किलोमीटर, पोट घेऊन कोण चालणार. आणि सासवा म्हणायच्या आमच्या घरात काय अन्न नाही का, सून बाहेर जेवली तर लोक काय म्हणतील. एकीचा नवरा ताट उचलून घरी न्यायला यायचा रोज. आम्ही म्हणायचो दादा, तिला इथंच जेवू द्या, घ्या तुम्ही पण पाणी प्या, बसा. काही दिवसांनी तो नुसता सोबत यायला लागला.

पण जिथं सेविका खमकी होती आणि पैसा वेळेवर आला तिथं फरक मला वजनकाट्यावर दिसला. कारण सोपं आहे. समोर बसून खाल्लेलं अन्न कुणी वाटून घेऊ शकत नाही. आणि दहा-बारा जणी गोल बसून जेवतात तेव्हा लाज जाते, एकमेकींना आग्रह करतात, अगं अजून घे. कित्येक जणींच्या आयुष्यात त्यांना कुणीतरी बसवून वाढलं असं लग्नानंतर पहिल्यांदा घडत होतं, हे त्यांनीच मला सांगितलंय.

म्हणून माझं मत आहे की हे ताट फक्त आदिवासी पट्ट्यापुरतं ठेवू नये. अन्नसुरक्षा कायद्यात तर प्रत्येक गरोदर आणि स्तनदा आईला मोफत आहाराचा हक्क लिहिलेलाच आहे. त्याच कायद्याने रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या मोठ्या बाईचं नाव टाकलं, चांगलं झालं, पण त्याने वाढायचा क्रम बदलला नाही. पाकीट बंद करा म्हणत नाही मी, पण ताट सगळीकडे सुरू करा. आणि सेविकेला त्याचे पैसे आधी द्या, नंतर नको.

साधा_हिशोब

ताई, एक विचारतो, वाद म्हणून नाही. शेतमजुरीला जाणारी बाई दुपारी अंगणवाडीत कशी येणार? सुगीच्या दिवसांत तर कुणीच येणार नाही. आणि मातृवंदना योजनेचे ५,००० मिळतात पहिल्या मुलाला, आता लाडकी बहीणचे महिन्याला १,५०० पण खात्यात येतात. रोख दिली तर ती हवं तेव्हा हवं ते खाईल, नाही का?

निवृत्त_ताई

चांगलं विचारलंत. वेळेचं खरंय, आम्ही काही गावांत दुपारचं ताट सकाळी साडेनऊला केलं, कामावर जायच्या आधी. सुगीत तरी संख्या पडायचीच. तेव्हा सेविका मदतनीसाला घेऊन शेताच्या बांधावर जायची डबा घेऊन, पण असं सगळ्यांनी करावं म्हणणं बरोबर नाही, त्यांचं मानधन किती ते तुम्हाला माहितीय.

रोख पैशाला माझा विरोध नाही, तिच्या खात्यावर पैसा असला की घरात तिचं थोडं ऐकतात, हे मी बघितलंय. पण तो पैसा पहिल्यांदा कशात जातो? पोराची फी, नवऱ्याचं दुखणं, बचतगटाचा हप्ता. स्वतःसाठी अंडी आणली असं सांगणारी मला क्वचित भेटली. आणि मातृवंदनेचे पैसे हप्त्याने येतात, कागद अडला की बाळ रांगायला लागलं तरी येत नाहीत. गरोदरपणातली भूक थांबत नाही तोवर.

माळरान

ताई, तुमचं ताट आमच्या तळावर कसं आणता येईल? खरंच विचारतोय. कारखान्याच्या बाजूला पाचशे कोप्या पडतात, अंगणवाडी त्या गावाची असते पण ती म्हणते तुमची नावं आमच्याकडं नाहीत.

निवृत्त_ताई

माळरान, नाव नाही म्हणून परत पाठवता येत नाही. स्थलांतर करून आलेल्या गरोदर बाईला आणि लहान मुलांना जिथं आहेत तिथल्या अंगणवाडीने लाभ द्यायचा असतो. अडचण कागदाची आहे, ती अशी सोडवा. गाव सोडायच्या आधी, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास, आपल्या सेविकेकडून स्थलांतराची नोंद करून घ्यायची आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवायचं. कार्डाचा मोबाईलवर फोटो पण काढा, कोपीत पावसाने कागद जातात. तळावर पोचल्यावर एकेकटीने जाऊ नका. टोळीतल्या सगळ्या गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांची यादी करा, नाव, वय, कितवा महिना, मुलं किती, आणि तिथल्या पर्यवेक्षिकेला आणि ग्रामपंचायतीला एकच अर्ज द्या, पोच घ्या. ऐकलं नाही तर तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे त्याच अर्जाची प्रत. मुकादमाचं नाव पण टाका यादीत, म्हणजे तोही जबाबदार धरला जातो.

यादीचा नमुना हवा असेल तर मेसेज करा, मी हाताने लिहून फोटो पाठवते. तुमच्या गावातून यंदा किती टोळ्या जाणारेत?

माळरान

चार टोळ्या. गरोदर सध्या सहा जणी माहितीतल्या आहेत, त्यातली एक चुलतीचीच सून. मेसेज केलाय ताई.